खोक्यातून कोण गाळलं गेलं?

सुशी, टाको, किमची, थाई करी असं काहीबाही घरच्या घरी करण्याचं साहित्य एका खोक्यात भरून विकायला आलं, तेव्हापासून त्यावर एक वाद चालू आहे आणि तो फार वाईट पद्धतीने घातला जातो आहे. एका बाजूचे लोक म्हणतात, हे सगळं नाटक आहे. चार पाकिटं कापून अर्ध्या तासात कुणाची संस्कृती कळत नसते, आणि जे ताटात पडतं त्याचा मूळ चवीशी संबंधही नसतो. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, जग समजून घ्यायला जेवणासारखं दुसरं साधन नाही. या रविवारी मेक्सिको, पुढच्या रविवारी जपान, असं पोरांनी हाताने करून खाल्लं की त्यांची मनं आपोआप मोठी होतील. पहिल्यांचा सगळा भर चव अस्सल की नकली यावर, दुसऱ्यांचा सगळा भर हेतू चांगला आहे यावर. या दोन्हींनी मुद्द्याला हातच लागत नाही.

माझं म्हणणं असं आहे. किट आणून परदेशी पदार्थ घरी करणं हा दुसऱ्या समाजाशी ओळख करून घेण्याचा खरा मार्ग आहे आणि तो वापरताना कुणी संकोचू नये. पण ही ओळख किती खोल जाते, हे चव किती हुबेहूब जमली यावर ठरत नाही. तो पदार्थ घडवणारी माणसं, त्यांचं ज्ञान आणि त्यांचा इतिहास यांपैकी खोक्यात किती आलं आणि किती गाळलं गेलं, यावर ते ठरतं. भांडायचंच असेल तर या गाळण्यावर भांडलं पाहिजे.

आधी टीकाकारांची बाजू, कारण ती कमकुवत नाही. आपल्या शहरांत मिळणारा सुशीचा साधा संच उघडून पाहा. चिकट तांदळाची पिशवी, नोरीचे, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे, काळपट हिरवे पापुद्रे, बांबूच्या काड्यांची छोटी चटई, व्हिनेगर आणि सोया सॉसच्या पुड्या, आणि वासाबी म्हणून दिलेली हिरवी पूड. खरी वासाबी हा थंड वाहत्या पाण्यात वाढणाऱ्या झाडाचा गड्डा. तो ऐन वेळी किसतात, कारण किसल्यावर थोड्याच वेळात त्याचा झणका उतरतो. पुडीत बहुतेक वेळा असते ती हॉर्सरॅडिश नावाच्या मुळाची आणि मोहरीची पूड, वरून हिरवा रंग घातलेली. कार्डावर चित्रं असतात: भात शिजवा, पसरा, गुंडाळा, कापा. भातात व्हिनेगर कालवताना वारा का घालायचा, भात लाकडी परातीतच का काढतात, जुन्या पद्धतीने हे काम शिकणाऱ्या शागिर्दाला भाताला हात लावायला मिळण्याआधी किती वर्षं भांडी आणि मासळी साफ करण्यात जातात, यातलं काही नाही. पदार्थ उरतो आणि त्यामागचं कसब गायब होतं. टीकाकार याला सपाटीकरण म्हणतात आणि ते बरोबर म्हणतात.

या सपाटीकरणाचा इतिहास तर आपल्याला सगळ्यांत जवळून ठाऊक असायला हवा, कारण जगातल्या अगदी सुरुवातीच्या किटांपैकी एक आपल्याच नावावर विकलं गेलं. १७४७ साली लंडनमध्ये छापलेल्या एका पाककृतींच्या पुस्तकात 'हिंदुस्थानी पद्धतीची करी' होती. १७८४ साली लंडनच्या पिकॅडिली भागातल्या अत्तरांच्या एका दुकानाने करी पावडरची जाहिरात दिली. कोकणातलं कालवण, बंगालचा झोल, तमिळ घरातलं कुळंबू, मराठवाड्यातलं येसर, सगळं एका पिवळ्या डबीत. घरोघरी दर पदार्थाला वेगळं भाजणं, वेगळं वाटण. त्यावरून कायमचा बोळा फिरला. आणि १८१० मध्ये पाटण्याच्या शेख दीन मुहम्मद यांनी लंडनमध्ये 'हिंदुस्तानी कॉफी हाऊस' काढलं, स्वतः उभं राहून हिंदुस्थानी जेवण खिलवलं, तेव्हा दोन वर्षांत त्यांच्यावर दिवाळखोरीची वेळ आली. डबी मात्र विकली जातच राहिली. माणूस हरला आणि त्याच्या नावाची पूड टिकली, हे ज्याच्या डोळ्यांसमोर आहे तो किटकडे संशयाने पाहील. त्या संशयाला मी नावं ठेवणार नाही.

तरीही 'अस्सल नाही, म्हणून खोटं' हा निष्कर्ष मला मान्य नाही. कारण अस्सलपणाची ही पट्टी कोणत्याही स्वयंपाकघराला लावून पाहा, तीच मोडते. आपल्या घरातला सगळ्यांत सोवळा पदार्थ कोणता? एकादशीची साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा होतो कसाव्याच्या कंदापासून. कसावा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथलाच. बटाटा अँडीज पर्वतातला. मिरची मेक्सिकोच्या बाजूची. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला त्याआधी या चारांपैकी एकही जिन्नस या देशात नव्हता. ज्ञानेश्वरांच्या काळात एकादशीला खिचडी असणं शक्यच नव्हतं. मग आपला उपास खोटा का? खिचडी मराठी नाही का? ती शंभर टक्के मराठी आहे, कारण भिजवताना पाणी किती ठेवायचं आणि झाकण कधी काढायचं हे पिढ्यान्‌पिढ्या इथल्या हातांनी ठरवलं.

जपानचंही तसंच. रामेनच्या शेवया चिनी स्थलांतरितांनी योकोहामासारख्या बंदरांत आणल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेहून आलेल्या गव्हावर हा पदार्थ घरोघरी पसरला. १९५८ मध्ये झटपट रामेन बाजारात आणणारे मोमोफुकु आंदो जन्माने तैवानचे. साल्मनची सुशी पाहून आज आपण 'अगदी जपानी' म्हणतो. पण प्रशांत महासागरातल्या साल्मनमध्ये जंत असतात म्हणून जपानी लोक तो कच्चा खात नसत. १९८०च्या दशकात नॉर्वेने आपला पाळीव साल्मन खपवण्यासाठी जपानात चिकाटीने मोहीम चालवली, तेव्हा तो सुशीवर चढला. कोरियाची लालभडक किमची, म्हणजे आंबवलेली कोबी, मिरचीशिवाय डोळ्यांसमोर येत नाही, आणि मिरची कोरियात पोचली सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास. अस्सल म्हणजे नेमकी कोणत्या सालची? ही विचारणा झाली की अस्सलपणावरचा सगळा वाद गळून पडतो.

पण इथे घाई करणारे फार भेटतात. 'बघा, सगळं सरमिसळच आहे, मग कशाला एवढा विचार करता, खा आणि मजा करा.' हे मला त्याहून जास्त खटकतं. सरमिसळ झाली हे खरं. पण ती झाली कशी, कुणी काय नेलं आणि काय मागे टाकलं, हा प्रश्न त्याने मिटत नाही. तो प्रश्न किती गंभीर आहे हे मक्याच्या एका गोष्टीवरून दिसतं. ही गोष्ट मी सविस्तर सांगणार आहे, कारण या वादात ती कुणी काढत नाही आणि खरं तर तीच मुख्य आहे.

मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या प्रदेशातल्या बायका तीन हजार वर्षांहून अधिक काळ मका थेट दळत नाहीत. तो चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी चोळून धुतात, सालपटं काढतात आणि मग तो ओला मका पाट्यावर वाटतात. त्या पिठाची टॉर्टिया, म्हणजे टाको ज्यात करतात ती पातळ पोळी. चुन्याने साल सुटते, पीठ चिकट होऊन लाटता येतं, सुगंध येतो. आणि आणखी एक गोष्ट होते, ती डोळ्यांना दिसत नाही. मक्यात नायसिन नावाचं जीवनसत्त्व असतं, पण ते अशा रीतीने बांधलेलं असतं की आपल्या पोटाला ते मिळत नाही. चुना ते मोकळं करतो. त्या बायकांना नायसिन हे नाव ठाऊक नव्हतं; त्यांना रीत ठाऊक होती, आणि आईकडून मुलीकडे ती जात होती.

स्पॅनिश जहाजांनी मका युरोपात नेला. दाणे नेले, रीत नेली नाही. चुना कशाला, आमच्या गिरण्या आहेत की. मका स्वस्त, पीक भरघोस, म्हणून गरिबांचं तेच मुख्य अन्न झालं. १७३५ मध्ये स्पेनच्या आस्तुरियास भागात गास्पार कासाल या वैद्याला एक चमत्कारिक रोग दिसला: उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर लाल चट्टे, जुलाब, मग भ्रम आणि शेवटी मृत्यू. त्याचे रोगी बहुतेक मक्यावर जगणारे गरीब शेतकरी होते. पुढे उत्तर इटलीत मक्याच्या पिठाच्या पोलेंता नावाच्या लापशीवर दिवस काढणाऱ्या कुटुंबांत तो पसरला, आणि तिथे त्याला पेलाग्रा नाव मिळालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत या रोगाने लाखो माणसांना गाठलं. मृत्यूंचा अंदाज एक लाखाच्या आसपास जातो. डॉक्टर जंतू शोधत होते. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५ मध्ये मिसिसिपीच्या एका तुरुंगात धडधाकट कैद्यांना मक्यावर ठेवून हा रोग आहाराचा आहे हे दाखवून दिलं, तरी अनेकांना ते पटेना. नायसिनचा उलगडा झाला १९३७ मध्ये. आणि या सगळ्या दोनशे वर्षांत, जिथून मका आला त्या मेक्सिकोच्या खेड्यांत मक्यावरच जगणाऱ्या लोकांत हा रोग जवळजवळ नव्हता.

जिन्नस नेला आणि ज्ञान टाकून दिलं, तर काय होतं, याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. ते ज्ञान कुणाच्या हातात होतं? हरवल्या गेलेल्या लोकांच्या, त्यातही बायकांच्या, आणि लिहिलेलं नव्हतं. म्हणून ते ज्ञान आहे असंच कुणाला वाटलं नाही. आता टाकोचं किट घ्या. खोक्याच्या मागे, घटकांच्या यादीत, भिंगातून वाचावं लागेल अशा अक्षरांत बहुधा लिहिलेलं असतं: चुन्याची प्रक्रिया केलेलं मक्याचं पीठ. म्हणजे ती तीन हजार वर्षांची रीत खोक्यात आलेली आहे! आणि पुढच्या बाजूला काय? मोठी टोपी घातलेला माणूस, निवडुंग, रंगीत झालरी. ज्या घरात पानाच्या डब्यात चुना असतो त्या घरातल्या आजीला हे नुसतं वाचून दाखवलं तर ती पाच मिनिटांत विषयात शिरेल, मका किती भिजवतात म्हणून विचारेल. कार्डावर एक परिच्छेद पुरला असता. तो नसणं ही जागेची अडचण नव्हे. काय महत्त्वाचं आणि काय नाही, याचा कुणीतरी केलेला तो निवाडा आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे, आणि तो अधिक तिखट आहे. संस्कृती त्यांची, कमाई यांची. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात दोन तरुणींनी बुरिटोची, म्हणजे सारण भरून गुंडाळलेल्या टॉर्टियाची, गाडी लावली. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर फिरताना तिथल्या बायकांना टॉर्टियाबद्दल विचारलं, सगळं काही त्या सांगेनात म्हणून स्वयंपाकघरांच्या खिडक्यांतून पाहिलं, असं त्यांनी मुलाखतीत सांगितलं. एवढा गदारोळ झाला की गाडी बंद झाली. त्याआधीची गोष्ट तर याहून मोठी. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोमध्ये १९३७ पासून मितला कॅफे नावाचं मेक्सिकन कुटुंबाचं खानावळवजा हॉटेल आहे. समोरच ग्लेन बेल या गृहस्थांची हॉट डॉगची टपरी होती. मितलाचे कुरकुरीत टाको पाहून, खाऊन, शिकून त्यांनी ते विकायला घेतले आणि १९६२ मध्ये टाको बेल काढलं. पुढे ती कंपनी जगभर पोचली. मितला कॅफे आहे तिथेच आहे.

यावर काही जण म्हणतात, मग परक्याचा पदार्थ करूच नये. हा निष्कर्ष चुकीचा आहे. आपण स्वतः दुखावले गेलो तेव्हा काय म्हणालो ते आठवा. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या एका बड्या फॅशन कंपनीने मिलानच्या कार्यक्रमात हुबेहूब कोल्हापुरी चपला दाखवल्या, आणि कोल्हापूरचं नाव कुठेच घेतलं नाही. महाराष्ट्र खवळला. कारागीर बोलले, व्यापारी बोलले, या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे याची आठवण करून दिली गेली, आणि कंपनीला मूळ कबूल करावं लागलं. त्या रागात कुणी असं म्हणालं का, की इटलीतल्या माणसाने कोल्हापुरी घालू नये? घालावी की, आनंदाने घालावी. नाव घ्या आणि कारागिराचा वाटा द्या, एवढंच मागणं होतं. हे मागणं न्याय्य असेल तर तेच माप आपल्या स्वयंपाकघरात येणाऱ्या खोक्याला लावायला हवं. घरी टाको करणं आणि टाको विकून साम्राज्य उभारणं या एक गोष्टी नाहीत. जी जबाबदारी विकणाऱ्याची आहे ती रविवारी पोळपाटावर झटणाऱ्या बापावर ढकलू नये. पण विकणाऱ्याला प्रश्न विचारायची जबाबदारी त्या बापाची आहे. हे मिश्रण कुठे तयार झालं? ज्या समाजाचं चित्र खोक्यावर आहे त्यांच्यापैकी कुणी हे करण्यात आहे का? १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले आणि त्या मालक राहिल्या, म्हणून लिज्जतचं नाव घेताना आपल्याला अभिमान वाटतो. पाकीटबंद पदार्थ आणि करणाऱ्याचा मान एकत्र नांदू शकतात, हे आपल्याच शहरात सिद्ध झालेलं आहे.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण किटचे समर्थक जे सांगतात त्यातलं एक वाक्य मला धोक्याचं वाटतं: 'एकमेकांचं जेवण जेवलं की माणसं जवळ येतात.' येतात का? इंग्रजांनी करी पावडर घराघरांत नेली, व्हिक्टोरिया राणीच्या दरबारात हिंदुस्थानी स्वयंपाकी करी रांधत होते, आणि त्याच काळात इथे दुष्काळात माणसं मरत असताना धान्याची निर्यात चालू होती. करीची आवड आणि हिंदुस्थानी माणसाबद्दलची तुच्छता एकाच घरात सुखाने नांदली. चव जिभेवर येते. आदर आपोआप येत नाही.

फार लांब कशाला जायचं? मुंबई-ठाण्याच्या कितीतरी सोसायट्यांत सुके बोंबील भाजले की शेजारी तक्रार करतात. भाडेकरू ठेवताना 'मांसाहारी नको' असं तोंडावर सांगतात. पण त्याच इमारतीत जपानी सूपचं किट येतं. त्याचा पाया असतो दाशी, आणि दाशी होते कात्सुओबुशीपासून, म्हणजे बोनिटो मासा धुरावर सुकवून लाकडासारखा कडक करून किसतात त्यापासून. थाई किटमध्ये आंबवलेल्या मासळीचा सॉस असतो. ते परदेशी, म्हणून उच्च अभिरुची. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर कोळणींनी बांबूंवर टांगून वाळवलेला बोंबील मात्र वास मारतो! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं अशी म्हण आहे. इथे तर त्याच्याही उलटं झालं. आणि बोंबलाची निदान तक्रार तरी होते. मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांत मांसाच्या पट्ट्या वाळवून चान्या करत, दुष्काळात त्यावर घरं तगत. त्या स्वयंपाकघराची साधी ओळख शेजारच्या गल्लीतल्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या नाही. तिथे जाण्याची वाट हजारो मैलांची नव्हती, वेस ओलांडण्याएवढीच होती. जग खोक्यातून घरात आलं आणि वेस तशीच राहिली, तर पोरांची मनं मोठी झाली असं मी म्हणणार नाही.

मग मी किटची बाजू का घेतो? कारण खाणं आणि करणं यांत फरक आहे. हॉटेलात टॉर्टिया समोर येते, आपण खातो, पैसे देतो. घरी टॉर्टियाचा गोळा थापायला घेतला की कडा फाटतात, तव्यावर टाकताना हातातच तुटते, आणि ज्वारीची भाकरी थापणारी बाईसुद्धा दोन-तीन वेळा थबकते. त्या क्षणी एक गोष्ट कळते जी कोणत्याही माहितीपटातून इतकी नीट कळत नाही: समोरच्या समाजातली साधी, 'अशिक्षित' म्हणवली जाणारी बाई जे रोज करते ते अवघड आहे, ते कसब आहे. तुच्छतेला पहिला धक्का इथे बसतो. ते सगळं ज्ञान देत नाही, पण पुढचा प्रश्न विचारायची भूक देतं. किटने एवढं केलं तरी पुष्कळ केलं. अट एकच, की पुढचा प्रश्न विचारायला त्याने जागा ठेवावी.

ती जागा किती मोठी असू शकते याचं उदाहरण म्हणजे जपानी करीची वडी. चॉकलेटसारखी दिसते, पाण्यात विरघळवली की रस्सा तयार. आपल्याकडची मुलं ती आवडीने खातात आणि त्यांना ती जपानी वाटते. ती जपानी आहेच. पण हिंदुस्थानातून इंग्रजांकडे, आणि मेइजी काळात (१८६८ ते १९१२) इंग्रजांकडून जपानकडे असा तिचा प्रवास झाला. जपानी आरमाराने ती खलाशांच्या जेवणात घेतली. आणि या मुख्य वाटेशेजारी एक छोटी वाट आहे. क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ मध्ये इंग्रजांच्या हातून निसटून जपानात पोचले. टोकियोतल्या शिंजुकूच्या नाकामुराया बेकरीच्या सोमा कुटुंबाने त्यांना लपवलं. पुढे त्यांनी त्या घरच्या तोशिको या मुलीशी लग्न केलं. जपानात मिळते ती इंग्रजी वळणाची करी त्यांना पसंत नव्हती. १९२७ मध्ये नाकामुरायाने त्यांच्या मार्गदर्शनाखाली हिंदुस्थानी करी विकायला काढली आणि ती आजही मिळते. एक फरारी माणूस, त्याला आसरा देणारं कुटुंब, आणि साम्राज्याने बिघडवलेली चव दुरुस्त करण्याचा हट्ट. हे सगळं त्या वडीच्या कार्डावर चार ओळींत मावतं. मुलं ते वाचून वडी ताटात तशीच ठेवतील असं कुणाला वाटतं का?

किटची एक मर्यादा मात्र कार्डाने भरून निघणारी नाही आणि तीही मान्य केली पाहिजे. २०१३ मध्ये युनेस्कोने दक्षिण कोरियाची किमजांग ही परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. नोंद नीट वाचली तर दिसतं की मान किमचीच्या बरणीला दिलेला नाही. हिवाळ्याच्या तोंडावर घरं-शेजारी एकत्र येऊन ढीगभर कोबी मिठात घालतात, मसाला चोळतात आणि मग आपापसांत, ज्याच्याकडे कमी आहे त्याच्याकडेही, वाटतात. मान आहे तो या करण्याला आणि वाटण्याला. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे घालायला आळीतल्या बायका जमत. आज हिच्या घरचे, उद्या तिच्या घरचे. चीक खायला पोरं घिरट्या घालत. त्या कुरडया आज पाकिटात मिळतात आणि चवीला चांगल्या असतात, पण जमणं पाकिटात येत नाही. एका माणसासाठी एक बरणी, असं किमचीचं किट पदार्थ देतं आणि त्याचा गाभा सोडतं.

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. कोबी जास्त आणा आणि शेजाऱ्यांना बोलवा. पुण्यात तर अजून सोपं. चाकण, तळेगाव, रांजणगावच्या कारखान्यांमुळे कोरियन आणि जपानी कुटुंबं इथे राहतात. इराण, अफगाणिस्तान, येमेन आणि आफ्रिकेतल्या कितीतरी देशांचे विद्यार्थी इथल्या महाविद्यालयांत शिकतात, आणि त्यांतल्या अनेकांना घर भाड्याने मिळताना काय सोसावं लागतं हे आपण जाणतो. शाळांत 'जागतिक खाद्यदिन' होतात, खोकी फुटतात, कागदी झेंडे लागतात. त्या दिवशी या माणसांपैकी एकाला बोलावून 'तुमच्याकडे हे कसं करतात' असं विचारायला किती खर्च येतो?

शेवटी एक आक्षेप उरतो: एवढं सगळं कोण वाचणार, लोकांना झटपट जेवण हवं आहे. मी हा प्रश्न उलटा विचारतो. कोकणातल्या बेने इस्रायली समाजाचा मलिदा घ्या. तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले हे मराठीभाषक यहुदी. पोहे, गूळ, ओलं खोबरं, सुका मेवा आणि फळं असा मलिदा ते एलियाहू हनाबी या यहुदी प्रेषिताच्या नावाने करतात. इस्रायलला गेल्यावरही त्यांनी तो सोडला नाही. लोद, रामला, दिमोना या गावांतल्या घरांत तो आजही होतो. तो तिथे माणसांबरोबर गेला, म्हणून नाव, नवस, गाणी सगळं बरोबर गेलं. उद्या एखाद्या कंपनीने मलिद्याचं किट काढलं, वर उंटाचं आणि ताडाच्या झाडाचं चित्र टाकलं, आणि रायगडच्या गावांचा, घाण्यांचा, मराठीचा उल्लेखच केला नाही, तर 'लोकांना झटपट हवं असतं' हे उत्तर आपण ऐकून घेऊ का? संतापाने पत्रं लिहू, आणि लिहिलीच पाहिजेत. तशीच पत्रं टाकोच्या खोक्यावरच्या चुन्यासाठीही लिहायला हवीत. विक्रेत्यांचे पत्ते खोक्यावरच छापलेले असतात.